मॉडिफाय गाडी पिकअपला अडखळते? आधी हे बघा
जास्त हवा घेणारा इनटेक, धूर मोकळा सोडणारा फ्री फ्लो एक्झॉस्ट टाकलाय आणि मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात गाडी अडखळते, तर लगेच इंजेक्टर बदलू नका राव, आधी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारं यंत्र) लावून फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय ते. शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (बऱ्याच काळाचा) ट्रिम मिळून +१० टक्क्यांच्या वर म्हणजे मिश्रण लीन (हवेच्या मानाने इंधन कमी), -१० च्या खाली म्हणजे रिच (इंधन जास्त). आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ट्रिम प्लसमध्ये जास्त पण २५०० आरपीएमला नॉर्मल, तर कुठूनतरी हवा आत शिरतेय, होज-क्लॅम्प तपासा. लोडवर वाढत असेल तर फ्युएल पंप, फिल्टर नाहीतर मॅफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) तपासा. तेल लावलेला एअर फिल्टर असेल तर माझा पहिला संशय मॅफवरच, मॅफसाठीच्या खास क्लीनरने साफ करा, बोट अजिबात लावू नका. हे सगळं झाल्यावरच रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) करा, लीन गाडी घाटात दामटली तर पिस्टन जाऊ शकतो.