गाडीसाठी ऑल पर्पज क्लीनर कसा निवडावा: वास सोडा, पीएच बघा

'ऑल पर्पज' हे नाव ज्याने ठेवलं त्याने खिडकीभोवतीची ॲल्युमिनियमची पट्टी कधी पुसली नसावी. एकाच बाटलीतला द्रव सीटवर, टायरवर, इंजिनवर आणि दाराच्या फटीत चालतो हे खोटं नाही. पण एकच मिसळणाचा डबा रोज वेगवेगळ्या भाजीला चालतो, तसं ते चालणं आहे. हात किती सैल सोडायचा हे कळलं तर चालतं.

पुण्यात बारा वर्षं डिटेलिंग, म्हणजे गाड्यांची आतून-बाहेरून बारकाईने साफसफाई, करतोय. एपीसी, म्हणजे ऑल पर्पज क्लीनर, विकत घेताना लोक काय विचारतात? फेस किती येतो, वास कसला आहे, रंग कोणता. तिन्ही प्रश्न निरुपयोगी. वास आणि रंग हे वरून घातलेले असतात, आणि फेसावरून साफ करायची ताकद कळत नाही. व्हॅक्यूम, मायक्रोफायबरची फडकी, मऊ ब्रश, नायट्राइलचे हातमोजे हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरून चालतो आणि थेट निवडीकडे येतो.

आधी ठरवा: मळ कसला आहे

गाडीच्या आतला मळ म्हणजे बहुतेक अंगाचं तेल, घाम आणि धूळ. स्टीअरिंगवरचा काळा चिकट थर तोच, आणि हेडरेस्टवरचा डाग हमखास डोक्याच्या खोबरेल तेलाचा. बाहेरचा आणि बॉनेटखालचा मळ म्हणजे ग्रीस, ऑइल, रस्त्याचं डांबर. आतल्यासाठी सौम्य, बाहेरच्यासाठी जहाल. बजेट एकाच बाटलीचं असेल तर सौम्य घ्या. कमी पडलं तर दुसऱ्यांदा घासता येतं, जास्त झालं तर परत काही येत नाही.

कॉन्सन्ट्रेट घ्या

कॉन्सन्ट्रेट म्हणजे पाणी घालून पातळ करायचा तीव्र क्लीनर. तयार स्प्रेमध्ये तुम्ही पाण्याचे पैसे देता. समजा 1 लिटर कॉन्सन्ट्रेट 600 रुपयांना मिळालं आणि 1:10 ने, म्हणजे एका भागाला दहा भाग पाणी घालून, वापरलं, तर 11 लिटर होतं, म्हणजे लिटरला साधारण 55 रुपये. विषय संपला.

पीएच: इथेच माझे हात पोळले

सुरुवातीच्या काळात एका दुकानदाराने मला एक कॅन दिला. लेबलवर 'सर्व पृष्ठभागांसाठी सुरक्षित' असं ठळक छापलेलं. गाडी एका डॉक्टरांची होती, जर्मन सेडान, खिडक्यांभोवती चमकदार पट्ट्या. दाराच्या रबरात शेवाळ साचलं होतं म्हणून मी 1:5 चं मिश्रण मारलं आणि मे महिन्यातल्या उन्हात चहा घ्यायला गेलो. परत आलो तर पट्टीवर दुधासारखे पांढरट ओघळ. घासलं, पाणी मारलं, पॉलिश केलं. ते डाग निघत नाहीत, कारण ते डाग नसतातच. ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर अल्कलीने, म्हणजे सोड्याच्या जातीच्या रसायनाने, खाल्लेला असतो. त्या महिन्याची कमाई नव्या पट्ट्यांत गेली.

गंमत म्हणजे ही गोष्ट मला माझ्या आईने सांगितली असती. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात धुण्याचा सोडा टाकून ठेवला की पातेलं काळवंडतं, हे तिला आमच्या लेबलवाल्यांपेक्षा आधीपासून माहीत आहे.

आता यामागचं गणित. पीएच हा द्रव ॲसिड आहे की अल्कली ते सांगणारा आकडा. 7 म्हणजे तटस्थ, त्याच्या वर अल्कली. बाजारातले बहुतेक एपीसी अल्कलाइन असतात, कारण अल्कली तेलाचा साबण करून टाकते आणि मग ते पाण्याबरोबर निघतं. पण ही मोजपट्टी फसवी आहे. प्रत्येक आकडा आधीच्या दहापट असतो. 10 आणि 13 यांत 'फक्त तीनचा' फरक दिसतो, प्रत्यक्षात तो हजारपट आहे.

आणि दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला: 'जहाल आहे? मग पाणी वाढवा ना.' हा सल्ला देणाऱ्याला मी एकदा पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या दाखवल्या. दहापट पाणी घातलं की पीएच साधारण एकाने उतरतो, 13 चा 12 होतो. त्यात धुण्याचा सोडा किंवा सिलिकेट असेल तर तेवढाही उतरत नाही, कारण ते पीएच धरून ठेवतात. म्हणजे पाण्याने साफ करायची ताकद कमी होते, पण धातूला असलेला धोका त्या प्रमाणात कमी होत नाही. पातळ केल्याने जहाल क्लीनर सौम्य होतो हा समज डोक्यातून काढा. सौम्य हवा असेल तर मुळात सौम्यच घ्यावा लागतो.

मग पीएच कळणार कसा? लेबलवर नसतो, किंवा 'पीएच बॅलन्स्ड' असं लिहिलेलं असतं, ज्यातून काहीही कळत नाही. कंपनीकडे सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या रसायनाच्या सुरक्षिततेची माहिती देणारा कागद, मागा. ती 16 विभागांची असते. नववा विभाग उघडा, भौतिक आणि रासायनिक गुणधर्मांचा, पीएच तिथे असतो. आकडा कॉन्सन्ट्रेटचा आहे की मिश्रणाचा हेही बघा, काही जण हुशारीने पातळ केलेल्याचा देतात. शीट द्यायला टाळाटाळ करणाऱ्याचा माल मी घेत नाही, मग तो फुकट का देईना. घरी तपासायचं तर रसायनांच्या दुकानात पीएचप्रमाणे रंग बदलणाऱ्या युनिव्हर्सल इंडिकेटरच्या पट्ट्या मिळतात. कॉन्सन्ट्रेटमध्ये एक, मिश्रणात एक बुडवा.

माझी विभागणी अशी. आतल्या कामाला मिश्रणाचा पीएच 8 ते 10. टायर, चाकांच्या कमानी, इंजिन यांना 12 पर्यंत, तेही जवळपास उघडं ॲल्युमिनियम नसेल तरच. 13 च्या आसपासचा माल ट्रकवाल्यांना लखलाभ.

जाता जाता हळदीबद्दल. नव्या गाडीच्या पूजेत सीटवर हळद सांडते, मालक एपीसी मारतो आणि डाग पिवळ्याचा लालभडक होतो. मग मला घाबरून फोन येतो. काही जळलेलं नसतं. हळद अल्कलीत लाल होते, कुंकूही असंच चुना घालून करत आले आहेत. साध्या पाण्याने अल्कली काढा, रंग परत पिवळा होईल, आणि उरलेला पिवळा डाग खिडकीतून येणाऱ्या उन्हात काही दिवसांत फिकट होतो. हळद उन्हाला टिकत नाही. हळदीने एपीसी अल्कलाइन आहे एवढं कळतं, 9 आहे की 13 ते नाही, त्यामुळे पट्ट्यांचे पैसे वाचवू नका.

प्रमाण नीट वाचा

1:10 म्हणजे एक भाग क्लीनर, दहा भाग पाणी. काही अमेरिकन बाटल्यांवर हेच 10:1 असं उलटं छापतात. मेग्वायर्स कंपनीच्या डी-101 या एपीसीवर 4:1 आणि 10:1 दिसतं, तिथे मोठा आकडा पाण्याचा. एकाने तो उलटा वाचून जवळजवळ निव्वळ कॉन्सन्ट्रेट डॅशबोर्डवर मारलेलं मी पाहिलं आहे. आणि 10 टक्के म्हणजे 1:9, 1:10 नव्हे.

500 मिलीच्या बाटलीत: 1:4 साठी 100 मिली, 1:10 साठी 45 मिली, 1:20 साठी 24 मिली क्लीनर, बाकी पाणी. औषधाच्या मापाने मोजा. 'झाकणभर' हे माप नाही. आधी पाणी, मग क्लीनर, नाहीतर बाटलीभर फेस होतो. बोअरचं जड पाणी नको, काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे ठिपके सोडतं. एसीचं गळणारं पाणी किंवा बॅटरीचं पाणी उत्तम.

आधी लपलेल्या जागी

सीटच्या मागची खालची बाजू किंवा दाराच्या आतली कड. पांढऱ्या फडक्यावर घेऊन घासा आणि थांबा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर तो क्लीनर त्या जागेसाठी बाद. कोकणातल्या गाड्यांत एक खास सापळा असतो: दमट हवेत जुन्या स्विचांवरचा आणि हँडलवरचा मऊ रबरी लेप चिकट होतो. तो मळ वाटतो, म्हणून लोक एपीसीने घासतात आणि अख्खा लेप सोलून येतो. तिथे साधं ओलं फडकं, बस.

वापरताना

गाडी सावलीत, पृष्ठभाग गार. स्प्रे ब्रशवर किंवा फडक्यावर मारायचा, पॅनेलवर नाही. काच वर-खाली करायच्या स्विचांवर तर कधीच नाही. अर्धा मिनिट पुरतं, आणि वाळू द्यायचं नाही. माझा चहा आठवा.

मग ओल्या फडक्याने दोनदा पुसायचं. हे कंटाळवाणं काम सगळे टाळतात आणि आठवड्याने तक्रार करतात की क्लीनर मारल्यापासून डॅशबोर्ड जास्त धूळ धरतो. धरणारच. मागे राहिलेला क्लीनर चिकट असतो आणि त्यावर धूळ बसते.

कुठे मारायचा नाही: टचस्क्रीन, मीटरची प्लॅस्टिकची काच, अस्सल चामडं (त्याला तटस्थ पीएचचा वेगळा क्लीनर लागतो, मात्र आपल्याकडे 'लेदर' म्हणून विकलं जातं ते बहुतेक लेदरेट, म्हणजे नकली चामडं, असतं, ते सौम्य एपीसी सोसतं), आणि छताचं कापड भिजेपर्यंत. ते कापड गोंदाने चिकटवलेलं असतं, ओलं झालं की लोंबतं. पेंटवर मारलात तर वॅक्स निघून जातं. पुन्हा वॅक्स लावायचं असेल तर चांगलंच, नसेल तर मारू नका. टॉयलेट क्लीनरने अलॉयची चाकं धुणारे महाभागही भेटतात. ते ॲसिड असतं, ॲल्युमिनियमला तेही चालत नाही, आणि एपीसीत मिसळून 'पावरफुल' काही बनत नाही.

उरलेलं मिश्रण पाण्याच्या प्यायच्या बाटलीत भरून ठेवू नका, उन्हाळ्यात कुणीतरी तोंडाला लावेल. स्प्रे बाटलीवर मार्करने नाव, प्रमाण आणि तारीख लिहा. दोन प्रमाणांची मिश्रणं ठेवत असाल तर दोन रंगांचे ट्रिगर लावा. माझ्याकडे आतल्याचा निळा आहे आणि इंजिनचा लाल, कारण अंधाऱ्या गॅरेजमध्ये लेबल कुणी वाचत नाही.