क्रूझर सायकल: हँडल, टाकी, मुठी आणि बिल्ला आपल्या हातचा

मी पॅटर्नमेकर. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत 27 वर्षं लाकडाचे पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा वाळूचा साचा पडतो ते नमुने, बनवतोय. कास्टिंग (ओतीव भाग) वरून गुळगुळीत दिसतं, लेथवर चढवून दोन-तीन कट घेतले की आतला ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, उघडा पडतो, हे मी शेकडो वेळा बघितलंय. त्यामुळे जुन्या सायकलीची क्रूझर, म्हणजे जाड टायरची, रुंद हँडलची सायकल, करायला बसलो तेव्हा पहिल्यांदा वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे ज्यावर जीव तोलायचा ते भाग: पुढचं चाक धरणारा चिमटा, हँडल धरणारा स्टेम, पायडलचा दांडा म्हणजे क्रँक, ब्रेकचे लिव्हर. हे तयार, चांगल्या प्रतीचे विकतच आणायचे. उजवीकडे हँडलची नळी, टाकी, चेनकव्हर, कॅरिअर, मुठी, लाइटचं घर, बिल्ला. हे हातचं करायचं. तुम्हीही आधी ही रेघ मारा. चिमटा लांब केला की क्रूझर ऐटबाज दिसते, म्हणून बरीच पोरं पाइप तोडून जोड देतात. तसं करू नका. पन्हाळ्याच्या उतारावर तो जोड सुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

माझी मूळ सायकल म्हणजे वडिलांची 28 इंची काळी. वडील उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे फिटर होते, रोज हीच सायकल. तिला 26 × 2.125 चे जाड टायर घातले, आणि तिथेच खरा हिशोब सुरू झाला. जुन्या 28 × 1½ च्या रिमवर टायर जिथे बसतो तो व्यास 635 मिमी, नव्या रिमचा 559. म्हणजे रिमची कड 38 मिमी आत गेली. जुने सळईचे ब्रेक तिथवर पोचत नाहीत, ओढूनताणून पोचवायचेही नाहीत. मी मागे बँड ब्रेकचं तयार हब बसवलं आणि पुढे व्ही-ब्रेकचे खुंट असलेला 26 इंची तयार चिमटा घेतला. चिमटा घेताना वरच्या पाइपची लांबी आपल्या फ्रेमच्या डोक्याला पुरते का आणि कप-कोनचे आटे जुळतात का, हे दुकानातच फिरवून बघा. आखूड असेल तर तो ठेवून द्या, दुसरा शोधा.

दुसरी गोष्ट, चाकाची त्रिज्या साधारण 22 मिमीने कमी झाली, म्हणजे पायडलही तेवढंच जमिनीकडे आलं. वळणावर आतल्या बाजूचं पायडल वर ठेवायची सवय लावून घ्या. टायर 54 मिमीच्या आसपास रुंद भरतो. मागच्या फ्रेमच्या दोन्ही पाइपांत प्रत्येक बाजूला निदान 5-6 मिमी जागा राहते का, ते टायर विकत घ्यायच्या आधी व्हर्निअरने बघा.

आता हँडल. क्रूझरचं हँडल रुंद आणि मागे वळलेलं असतं, म्हणजे पाठ सरळ राहते. मापाला एक सोपी रीत आहे. भिंतीला सायकल टेकवून सीटवर बसा, डोळे मिटा आणि हात जिथे सैल येऊन पडतील तिथे कुणाला तरी खूण करायला सांगा. आमच्या थोरलीनं माझी खूण केली: दोन मुठींमध्ये 72 सेंमी, स्टेमपासून मागे 24 सेंमी. मग 6 मिमीची सळई वाकवून नमुना करा, तो स्टेममध्ये धरून हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवा. गुडघ्याला लागतंय का बघा. सळई दहा वेळा वाकवता येते, पाइप नाही.

पाइप सात सुती घ्यायची (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे 22.2 मिमी, 16 गेज, म्हणजे पत्र्याची जाडी 1.6 मिमी. ब्रेक लिव्हर आणि मुठी याच मापावर बसतात. जीआय पाइप घेऊ नका, जस्ताचा लेप तापला की त्याचा धूर छातीला बाधतो. काळी ईआरडब्ल्यू, म्हणजे पत्रा वळवून उभी शिवण वेल्ड केलेली पाइप बरी. स्टेमचं तोंड मात्र 25.4 मिमीचं असतं. तिथे आठ सुती, 16 गेज पाइपचा 10 सेंमीचा तुकडा बाहीसारखा चढवायचा. कागदावर दोन्ही मापं तंतोतंत जुळतात, प्रत्यक्षात बाहीच्या आत शिवणीची कड असते आणि पाइप अडते. लेथवर हलका बोअर मारून घ्या, मग मधोमध बसवून दोन्ही कडांना पितळी रॉडनं गॅसवर जोडून घ्या. हा एक जोड चांगल्या वेल्डरकडूनच करून घ्या. हँडलवर आपला भार येतो, म्हणून गेजही कमी करू नका.

वाकवायला उद्यमनगरात हायड्रॉलिक बेंडर असलेले फॅब्रिकेटर आहेत, सळईचा नमुना नेऊन दिला की काम होतं. घरी करायचं असेल तर पाइपमध्ये वाळू ठासून भरायची, नाहीतर वळणावर ती चपटी होते. वाळू कुठली, हे नीट ऐका. फाउंड्रीतली काळी ग्रीन सँड चालत नाही, तिच्यात बेंटोनाइट (चिकणमाती) आणि पाणी असतं. मी घाईत एकदा तीच भरली. पाइप लाल व्हायला लागली, आतल्या पाण्याची वाफ झाली आणि लाकडी बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडून पत्र्यावर आदळलं. समोर माणूस असता तर डोळा गेला असता. कोरडी सिलिका वाळू घ्या, घमेल्यात अर्धा तास भाजा, गार करा, एका बुचाला बारीक भोक ठेवा, आणि पाइपच्या तोंडासमोर कुणी उभं राहू नका. वाळू ओतताना तोंडाला मास्क हवा. वळणाची त्रिज्या पाइपच्या चौपट, म्हणजे 9 सेंमीच्या खाली नको.

टाकीत पेट्रोल नसतं, ती शोभेची. 1930 च्या दशकात अमेरिकेत श्विननं जाड बलून टायरच्या सायकली आणल्या, तेव्हापासून मोटारसायकलसारखी टाकी ही क्रूझरची ओळख झाली. आधी पुठ्ठा. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा फ्रेमच्या दोन नळ्यांमध्ये धरून आकार काढा, कापा, चिकटपट्टीनं लावून चार दिवस तशीच सायकल चालवा. माझी पहिली टाकी 8 सेंमी जाड होती, दोन्ही मांड्यांना घासायची. साडेपाचवर आणली तेव्हा बसली. मग 24 गेज पत्र्याची दोन अर्धी कवचं करा, कडा आत मुडपा आणि रबर लावलेल्या पट्ट्यांनी फ्रेमला आवळा. फ्रेमला वेल्डिंग करू नका. पातळ नळी तापून जिथे मऊ पडते तिथेच पुढे चीर जाते. खाली 5 मिमीची दोन भोकं ठेवा, आपल्याकडच्या पावसात टाकीत पाणी साठतंच. आत मी पंक्चरचं सामान आणि दोन पाने ठेवतो.

चेनकव्हर 22 गेजचं. चेनपासून सगळीकडे 10 मिमी अंतर, आणि एक टोक सीटच्या नळीला, दुसरं मागच्या नळीला पट्टीनं धरायचं. हे मी थोरलीच्या ओढणीसाठी पूर्ण बंद केलं. क्रूझरवर अर्धं कव्हर छान दिसतं हे खरं, पण ओढणी चेनमध्ये गेली की काय होतं ते मी बघितलंय. घरात ओढणी किंवा साडी नेसून सायकल चालवणारं कुणी असेल तर हा विचार आधी करा, दिसण्याचा नंतर.

कॅरिअरला 8 मिमीची गोल सळई, पाय मागच्या एक्सलला. माझ्या कॅरिअरला डाव्या बाजूला एक कडं आहे, दुधाच्या किटलीच्या मापाचं. रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरून दूध आणतो, किटली त्यात बुडापर्यंत बसते. कड्याला आतून जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीय, म्हणून खडखडत नाही. तुमच्या घरी जे वाहायचं असेल त्याचं माप घेऊन कडं करा, डबा असो नाहीतर पोराचं दप्तर.

मुठींवर मी सगळ्यात जास्त रमलो. कोल्हापुरी पायताणाचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं. ते ओलं केलं की हवं तसं वळतं आणि सुकल्यावर तोच आकार धरतं. चप्पल लाइनीला ओळखीच्या कारागिराकडून 2 मिमी जाडीचे दोन तुकडे मागून घेतले. रुंदीचा हिशोब असा: नळी 22.2, चामडं 2, म्हणजे जाडीच्या मध्यावरचा व्यास 24.2 आणि त्याचा घेर 76 मिमी. चामडं ओढल्यावर ताणतं, म्हणून 73 च कापा. लांबी 13 सेंमी. दोन्ही कडांपासून 4 मिमी आत, 5 मिमीच्या अंतरानं आरीनं भोकं पाडा. दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर आली पाहिजेत, म्हणून कागदाची एकच पट्टी दोन्हीकडे ठेवून खुणा करा. दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, नळीवर चढवून मेण लावलेल्या दोऱ्यानं दोन सुयांनी शिवा. शिवण खालच्या बाजूला, बोटांच्या पेरांखाली ठेवा. तळव्याखाली आली तर टोचते. दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग तेल पाजा. सुरुवातीला रंग फिकट असतो, चार-सहा महिन्यांत हाताच्या घामानं आणि तेलानं गडद होतो. त्या कारागिरानं माझी शिवण बघून दोन टाके उसवून परत घालायला लावले. कारण त्यानं सांगितलं नाही, पण घालून झाल्यावर फरक मला दिसला.

लाइटचं थोडक्यात: बाटली डायनॅमो 6 व्होल्ट, 3 वॉटचा असतो, जुन्या पितळी दिव्यात एलईडी बसवायचा तर त्या मापाचाच, मध्ये रेक्टिफायर (डायनॅमोचा एसी करंट डीसी करणारा भाग) टाकून बसवा.

शेवटी बिल्ला. हे माझं रोजचं काम, त्यामुळे इथं हात सैल सोडला. वडिलांची आठवण म्हणून ऑइल इंजिनाचं सहा आऱ्यांचं फ्लायव्हील, 70 मिमी व्यासाचं, ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम गोठून गार होताना मीटरला साधारण 13 मिमी आकसतं, म्हणजे 70 ला 0.9. पॅटर्न 71 चा करा. सागवान घ्या, जाडी 4 मिमीच्या खाली नको, आरे वर 2 मिमी उठलेले. प्रत्येक उभ्या कडेला दोन-तीन अंशांचा उतार द्या, नाहीतर पॅटर्न वाळूतून निघताना कड घेऊन येतो. कोपरे गोल ठेवा. बिल्ला फ्रेमच्या डोक्याच्या नळीवर, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या उभ्या नळीवर बसतो, ती गोल. पाठ कोरायला सोपी युक्ती: त्याच नळीवर काचकागद गुंडाळा, खरबरीत बाजू वर, आणि पॅटर्नची पाठ त्यावर लांबीच्या दिशेनं घासत राहा. अर्ध्या तासात नळीचा बाक जसाच्या तसा उतरतो.

ओतकाम ॲल्युमिनियमच्या छोट्या फाउंड्रीत, मालकाला विचारून, त्यांच्या मोल्डमध्ये जागा उरेल तेव्हा. एकाच वेळी तीन ओतून घ्या, एखाद्यात भोक निघतंच. बिल्ल्यात निघालं तर वितळवून परत ओतता येतं. कानशीनं कडा साफ करा, 400 नंबरचा काचकागद, मग पॉलिश. बसवायला डोक्याच्या नळीला भोक पाडू नका, मागून पातळ पट्टी फिरवून आवळा.

रंगाचं काम दिवाळीनंतर घ्या, पावसाळ्यात प्रायमरखाली ओल राहते आणि वर्षभरात फोड येतात. रेड ऑक्साइड, घासणी, दोन हात रंग. टाकीवरच्या बारीक रेघा मी गाड्यांच्या नंबरप्लेट हातानं रंगवणाऱ्या पेंटरकडून मारून घेतल्या. हात टेकायला त्यानं नुसती करंगळी वापरली, पट्टी नाही.

सगळं बसवल्यावर रंकाळ्याला एक फेरी मारा, घरी या आणि प्रत्येक नटाला पाना लावा. माझे पहिल्या फेरीत कॅरिअरचे दोन आणि चेनकव्हरचा एक सैल झाला होता. आठवडाभर रोज बघा, तोवर सगळं आपापल्या जागी बसतं. सैल होणाऱ्या नटाखाली स्प्रिंग वायसर घाला, नाहीतर नायलॉनचा लॉकनट वापरा.