गाव सुचवणारा टॅग: यादी पानाची, घोषणा टॅगची

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पट्टी करताना दिवाणजी शेतकऱ्याचं गाव टाइप करतात. दोन अक्षरं पडली की खाली नावं दिसावीत, बाणाच्या कळीनं एक धरून एंटर मारलं की काम संपावं. एवढ्यासाठी मी जड लायब्ररी घेत नाही. ब्राउझरमधला वेब कंपोनंट, म्हणजे आपणच बनवलेला एचटीएमएल टॅग, पुरतो.

आधी हद्द ठरवा. टॅगला गावांची यादी माहीतच नसावी. काय टाइप झालं ते त्यानं सांगावं, नावं पानानं पुरवावीत, निवड झाली की टॅगनं पुन्हा कळवावं. एका अडत्याची यादी ब्राउझरमध्येच असते, दुसऱ्याची सर्व्हरवरून येते. टॅग दोघांना तोच चालतो.

एचटीएमएल-एलिमेंटवरून क्लास बनवा आणि कस्टम-एलिमेंट्सच्या डिफाइननं नोंदवा. टॅगच्या नावात आडवी रेघ हवीच, पहिलं अक्षरही छोट्या इंग्रजी लिपीतलं हवं. इव्हेंटच्या, म्हणजे टॅग पानाला पाठवतो त्या निरोपाच्या, नावाला असलं बंधन नाही, म्हणून माझे इव्हेंट सरळ देवनागरीत आहेत: ‘गाव-शोध’ आणि ‘गाव-ठरलं’. दोन्हींना बबल्स आणि कंपोज्ड ट्रू द्या, म्हणजे ते टॅगच्या आतून बाहेर पानापर्यंत पोचतात. ब्राउझरचा चेंज इव्हेंट शॅडो डॉमची (टॅगच्या आतल्या, पानापासून वेगळ्या ठेवलेल्या भागाची) वेस ओलांडत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

इनपुट आणि यादी एकाच शॅडो डॉममध्ये ठेवा. यादी बाहेर गेली तर एरिया-ॲक्टिव्हडिसेंडंटला (सध्या कोणती ओळ धरली आहे ते स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या गुणधर्माला) ओळीचा आयडी सापडत नाही. इनपुट, यादी आणि ओळ यांचे रोल अनुक्रमे कॉम्बोबॉक्स, लिस्टबॉक्स, ऑप्शन.

इनपुट आला की 200 मिलिसेकंद थांबून ‘गाव-शोध’ सोडा, इव्हेंटसोबत जाणाऱ्या डिटेलमध्ये मजकूर आणि वाढता क्रमांक. पानानं उत्तरासोबत तोच क्रमांक परत द्यायचा. जुना निघाला तर उत्तर फेकून द्या, नाहीतर उशिरा आलेली ‘मि’ची यादी ‘मिर’च्या यादीवर चढून बसते.

आता मराठीची गंमत. अँड्रॉइडवर बहुतेक कीबोर्ड शब्द पुरा होईपर्यंत तो कंपोझिशनमध्येच, म्हणजे अजून पक्का न झालेल्या अवस्थेत, धरून ठेवतात. त्या काळात शोध बंद ठेवलात, तर स्पेस दाबेपर्यंत एकही नाव दिसणार नाही. म्हणून शोध चालू ठेवा. इव्हेंटचं इज-कंपोझिंग ट्रू असताना, म्हणजे कंपोझिशन चालू असताना, फक्त एंटर दुर्लक्षित करा, कारण तो एंटर कीबोर्डच्या सूचनेसाठी असू शकतो. दुसरं, ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध, किंवा र आणि नुक्ता. टाइप झालेला आणि यादीतला, दोन्ही मजकूर नॉर्मलाइजनं एनएफसीत, म्हणजे युनिकोडच्या एकसंध रूपात, आणा, मगच ताडा. तरी कोणी ‘कऱ्हाड’ लिहितो, कोणी ‘कराड’. तिथं नॉर्मलाइज काय करणार? प्रत्येक गावाला पर्यायी नावं जोडा. ‘कवठेमहांकाळ’ तोडून लिहिणारेही भेटतीलच, तेव्हा ताडताना मधली जागा काढून टाका. टाइप झालेलं अक्षर ठळक करायचा मोह मात्र आवरा: ‘म’ एका टॅगमध्ये आणि त्याची वेलांटी दुसऱ्यात गेली की ‘मिरज’ विस्कटून दिसू शकतं.

माउसनं नाव निवडताना आधी ब्लर होतो, म्हणजे इनपुटवरचा फोकस जातो, क्लिक नंतर. ब्लरवर यादी मिटवत असाल तर क्लिकला ओळच उरत नाही. यादीच्या माउसडाउनवर प्रिव्हेंट-डिफॉल्ट (ब्राउझरची नेहमीची कृती थांबवणारा आदेश) लावा, फोकस इनपुटमध्येच राहतो. एस्केपनं यादी मिटवा, पण टाइप केलेलं पुसू नका. यादीत नसलेलं गावही पट्टीवर येतं.

टॅग पानातून काढला की चालणाऱ्या डिस्कनेक्टेड-कॉलबॅकमध्ये 200 मिलिसेकंदांचा टायमर रद्द करा.