चौथी मीच होते

अंडर-१९ मधून एनआरएलमध्ये, म्हणजे कॅनडाच्या नॅशनल रिंगेट लीगमध्ये, पहिल्यांदाच उतरणाऱ्या मुलींसाठी हे लिहितेय. रिंगेट म्हणजे बर्फावर स्केट्स घालून, सरळ स्टिकने रबराची रिंग गोलमध्ये मारायचा खेळ. ब्ल्यू लाइनवरून, म्हणजे रिंकचे तीन भाग करणाऱ्या निळ्या रेषांवरून, रिंग स्वतः न्यायची नाही, पास द्यायचा. अंगावर जायचं नाही. ३० सेकंदांत शॉट मारायचा. हे तुम्हाला झोपेतही पाठ असेल, मलाही होतं. माझा पहिला मोसम वाया गेला तो मोजणीपायी.

फ्री प्ले लाइनच्या, म्हणजे समोरच्यांच्या गोलपुढच्या आडव्या रेषेच्या, आत आपल्या जास्तीत जास्त तिघीच चालतात. चौथी गेली की शिट्टी, आणि रिंग समोरच्यांकडे. ज्युनियरमध्ये बेंचवरून कोच "थ्री!" ओरडायचे आणि मी थांबायचे. म्हणजे इतकी वर्षं माझ्या वतीने दुसरंच कुणीतरी मोजत होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. एनआरएलच्या वेगात तो आवाज कानावर येईपर्यंत तुम्ही आत पोचलेल्या असता. मी डिफेन्सला खेळायचे. रिंग हिसकावली, सेंटरला पास दिला, परत घेतला, समोर रिंक मोकळी दिसली आणि सुटले. आत तिघी आधीच होत्या. एकाच वीकेंडला हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा बेंचवर आले तर कुणी माझ्याकडे बघेना.

मोजायचं ते रिंग आपल्याकडे यायच्या आधी. स्टिक रिंगेत बसली की डोळे गोलकडेच लागतात. म्हणून ब्ल्यू लाइनपाशीच डोकी मोजा. दोघी असतील तर जा. तिघी असतील तर बाहेर थांबा, किंवा एकीला नावाने हाक मारा आणि ती लाइनबाहेर पडलेली दिसल्यावरच आत शिरा. "येईलच ती" असं धरून चालू नका. ती दमलेली असते, तिची पाठ तुमच्याकडे असते, ती येत नाही. आणि गोलच्या मागे उभी असलेलीसुद्धा मोजायची! माझी दर वेळी तीच राहायची.

घाबरू नका, दोन-तीन महिन्यांत हे अंगवळणी पडतं. उन्हाळी स्किल कॅम्पवर पैसे घालवून मात्र पडत नाही. तिथे शॉटचा जोर वाढवून देतात, मोजायला कुणी शिकवत नाही. मार्गदर्शक हवी असेल तर स्टार फॉरवर्डच्या मागे न लागता आपल्या गोलकीपरला गाठा, तिला अख्खी रिंक दिसते. आणि फिनलंडच्या मॅचेस बघा. त्या उगीच पुन्हा पुन्हा वर्ल्ड चॅम्पियन होत नाहीत. रिंग नसलेल्या मुली काय करतात तेवढंच बघा.

आता पैशांचं. इथे पगार-बिगार काही नाही, उलट फी आपणच भरायची. शनिवार-रविवार प्रवासात आणि हॉटेलात जातात. नॅशनल्स, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा, एप्रिलमध्ये असतात आणि युनिव्हर्सिटीच्या परीक्षाही. प्रोफेसरांना जानेवारीतच ईमेल टाका. मी मार्चमध्ये टाकला, त्याचं पुढे काय झालं ते सांगत बसत नाही.

घरच्यांना समजावणं हा आणखी एक उद्योग. सांगलीच्या आजीला अजूनही वाटतं की मी शाळेत हाताने झेलतात तीच रिंग खेळते. १९६३ मध्ये कॅनडातल्या नॉर्थ बे शहरात सॅम जॅक्स यांनी हा खेळ मुलींसाठीच काढला, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग बर्फावर कशाला काढला?" रिंग रबराचीच असते, तेवढं मात्र तिचं बरोबर आहे. बाबा जुने खो-खोवाले, त्यांना पहिल्याच मॅचला सगळं कळलं. ब्ल्यू लाइन आली की स्टँडमधून ओरडतात, "खो दे!"

फेब्रुवारीत उलटंच झालं. माझ्याकडे रिंग होती, आत दोघीच होत्या, आणि मी फ्री प्ले लाइनवर करकचून ब्रेक लावून पुन्हा मोजत बसले. शॉट क्लॉक संपलं. बेंचवर सगळे गप्प. वरून फक्त बाबांचा आवाज आला, "अगं, जा की!"