सोयाबीनमधला केना असा आटोक्यात आणला

तीन वर्षं केना या तणाने माझं सोयाबीन खाल्लं. चूक माझीच होती. तण गुडघ्याला लागल्यावर, पेरणीनंतर महिन्याने मी तणनाशक मारायचो. केना आठ दिवस पिवळा पडायचा आणि पुन्हा फुटायचा. सोयाबीनचे पहिले 30 ते 45 दिवसच तणमुक्त लागतात. नेमके तेच वाया जात होते.

यंदा पेरणीनंतर 48 तासांच्या आत, ओल असतानाच पेंडीमेथालिन 30 टक्के हे तण उगवण्याआधी मारायचं तणनाशक मारलं: एकरी एक लिटर, 200 लिटर पाण्यातून, फ्लॅट फॅन नोझलने. मागे मागे सरकत फवारलं, म्हणजे फवारलेल्या जागेवर पाय पडत नाही. विसाव्या दिवशी वाफसा येताच, म्हणजे माती ना फार ओली ना कोरडी असताना, कोळपणी केली, म्हणजे ओळींमधलं तण कोळप्याने काढलं. ओल्यात कोळपं घालूच नका, माती नुसती चिकटते.

खरी मेख केन्याच्या कांड्यांत आहे. कापलेली कांडी ओल्या सरीत पडली की पेराला, म्हणजे कांडीच्या सांध्याला, पांढरी मुळी फुटते, मी उपटून पाहिलंय. म्हणून पस्तिसाव्या दिवशीच्या खुरपणीत बायांना सांगून सगळा केना पाटीत भरला आणि बांधावर उन्हात पसरला. आता पिकाच्या ओळींमध्ये मोकळी काळी माती दिसते.