वाळल्या बोरांची आंबटगोड चटणी : या चुका टाळा

संक्रांत झाली की आमच्या विदर्भातल्या आर्वीकडच्या गावात छतावर, खाटेवर, जुन्या लुगड्यावर बोरं वाळत पडलेली दिसतात. महिनाभरात ती डब्यात जातात, आणि मार्चपासून माझा फोन वाजू लागतो. "काकू, बोरं चामट राह्यली." "ताई, चटणीचा दगड झाला." "वैनी, वर पांढरं आलं जी, काढून टाकलं तर चालते काय?" गाऱ्हाणी दरवर्षी हीच तीन. माणसं तेवढी बदलतात.

चटणी कोणती, ते आधी सांगते. दोन वाट्या वाळली गावरान बोरं, वाटीभर खारकेचे तुकडे, अर्धी वाटी मनुका, एक ते दीड वाटी गूळ, लिंबाएवढी चिंच, तिखट, मीठ, सुंठ आणि वरून जिऱ्याची फोडणी. ज्वारीच्या भाकरीसोबत छान लागते, भज्यांसोबत त्याहून छान. साहित्यात अवघड काही नाही. बिघडते ती घाईने.

गूळ आधी टाकणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती मी स्वतः दीडशे माणसांच्या कार्यक्रमात केली आहे. नणंदेच्या मुलीचं साक्षगंध (साखरपुडा) होतं. आलुबोंड्यासोबत आपल्या घरची चटणी ठेवू, असं मीच पुढे होऊन म्हटलं. मिरवायची हौस, दुसरं काय. बोरं शिजवण्याच्या आदल्या रात्री भिजवायची होती, ती भिजवली कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी. तासभर पाण्यात राहिली असतील नसतील, तोवर मी चुलीवर गंज (पातेलं) चढवला आणि बोरं, खारका, चिंचेचा कोळ, गूळ, सगळं एकदम त्यात लोटलं. एकाच गंजात काम उरकतंय याचा वर आनंद.

तासाभराने एक बोर काढून चिमटीत दाबलं. साल चपलेच्या वादीसारखी. म्हटलं, आणखी शिजू दे. आणखी एक तास गेला. बोर होतं तसंच, पण गूळ काही आपल्यासाठी थांबत नाही. त्याचा पाक पुढे पुढे चालला होता, बुडबुडे मोठे आणि आळशी झाले होते. सासूबाई ओसरीवरून उठून आल्या, सराटा (उलथणं) एकदा फिरवला आणि म्हणाल्या, "काऊन वं, गूळ आधीच टाकला काय? आता हे बोरं जल्मात नाई शिजत."

मी ऐकलं नाही. थोडं पाणी घातलं, पुन्हा उकळी आणली आणि रात्री झाकून ठेवलं. पहाटे पाहते तर गंजात सराटा सरळ उभा, आणि त्याला धरणारं कोणी नाही. पाहुण्यांना शेवटी सांबाराची चटणी वाढली. (बाहेरच्यांसाठी : सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.)

झालं काय होतं? वाळलेल्या फळाला आधी पाणी प्यायचं असतं. उन्हाने त्याच्यातलं पाणी आठ-दहा दिवस काढून घेतलेलं असतं. ते परत आत गेल्याशिवाय ते मऊ पडत नाही. गुळाचा दाट पाक उलट काम करतो, तो पाणी स्वतःकडे ओढतो. चिंचेचा आंबटपणाही फळाला नरम पडू देत नाही. तुरीच्या डाळीत चिंच आधी टाकली तर डाळ शिजत नाही, हे आपल्यातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा. मग बोराला तोच न्याय का लावत नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

म्हणून माझा क्रम असा. बोरं आणि खारका वेगवेगळ्या भांड्यांत रात्रभर भिजवते. सकाळी नुसत्या पाण्यात मंद आचेवर शिजवते, पाण्याशिवाय दुसरं काही नाही. बोराचा गर बोटाने सहज सुटला की चिंच. चिंचेला दोन-चार उकळ्या आल्या की गूळ. मनुका अगदी शेवटी, कारण त्या दहा मिनिटांत फुगतात आणि जास्त शिजल्या तर फुटून सगळं गिळगिळीत करतात. कुकरला माझी हरकत नाही, पण भिजवल्यानंतर. "न भिजवता चार शिट्ट्या दिल्या तर?" असं विचारणाऱ्या मुलींना मी सांगते, देऊन पाहा. साल फाटते आणि आत चिवट गाठ राहते.

गूळ पडून गेलाच असेल तर निम्मा उपाय आहे. गरम पाणी घालून पाक पातळ करा, तो गाळून बाजूला ठेवा, फळं साध्या पाण्यात पुन्हा शिजवा, मग पाक परत मिसळा. चव थोडी उतरते, पण टाकून देण्यापेक्षा बरं.

गरम असतानाच घट्ट करणं

चुलीवर चटणी पातळ दिसते म्हणून लोक आटवत बसतात. गुळाची चटणी निवल्यावर दाटते, शिवाय बोराचा गर रात्रभर उरलेलं पाणी पीत राहतो. मी सराटा गंजाच्या तळावरून ओढते. मागे तळ दिसला आणि तीन मोजेपर्यंत वाट पुन्हा मिटली की उतरवते. वाट उघडीच राहिली तर उशीर झालाय. फार दाट झाली तर चमचा-चमचा उकळतं पाणी घालून मंद आचेवर सैल करा. पातळ राहिली तर परत चुलीवर ठेवा. कॉर्नफ्लॉवर लावून दाटवलेली चटणी मला दाखवू नका. ती कढी झाली.

बोर न फोडता टाकणं

हे वाचून काहींची चटणी खायची इच्छा जाईल, पण लिहायलाच हवं. बोरावर एक माशी बसते आणि कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते. अळी आत बीभोवतीचा गर खात वाढते. वरून बोर गुळगुळीत, लालबुंद, आणि फोडलं की बीभोवती काळपट भुसा. वाळवल्याने अळी मरते, पण भुसा तिथेच असतो, आणि तो कडवट लागतो. मूठभर फोडून पाहिली, चांगली निघाली, म्हणून बाकीची तशीच टाकली, असं चालत नाही. भिजल्यावर प्रत्येक बोर अंगठ्याने उघडायचं. एवढा वेळ नसेल तर नुसत्या खारकेची करा.

बी काढण्याचं कामही त्यातच होऊन जातं. पुरणयंत्रात बोरं घालू नका, बिया अडकतात आणि यंत्र जातं. मिक्सरमध्ये तर एकही बी जाता कामा नये. आमच्या सासऱ्यांची पुढची दाढ अशाच एका चुकार बीने गेली, आणि त्यानंतर दोन वर्षं त्यांनी त्या चटणीला "दातपाडी" म्हणूनच हाक मारली.

बाकीच्या चुकांवर फार शाई घालवत नाही. अ‍ॅपल बोर वाळवून चटणी होत नाही. त्याला आंबटपणाच नाही, गोड भुसा तयार होतो. झाडावरच सुरकुतलेलं लाल गावरान बोर घ्या. वाळवताना रात्री आत घ्या, माघातलं दव बोरांना बुरशी आणतं. कल्हई उडालेल्या पितळेत किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या गंजात चिंच शिजवू नका. लोखंडी कढईत चटणी काळी पडते आणि तिला लोखंडाची चव येते. स्टीलचं जाड बुडाचं भांडं पुरे. पिवळे चकचकीत बेदाणे गंधकाची धुरी दिलेले असू शकतात, म्हणून मी काळ्या मनुका घेते आणि त्याही कोमट पाण्यातून दोनदा काढते. तिखट भिवापुरी मिरचीचं असेल तर रंग आणि ठसका दोन्ही मिळतात, पण ते कडकडीत तेलात टाकलं तर जळतं आणि सगळी चटणी कडू होते. तेल उतरवा, जिरं टाका, जरा थांबा, मग तिखट.

पाण्याचं मात्र दोन ओळींत भागत नाही. माझं माहेर दर्यापूरकडचं, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं. तिथे बोअरचं पाणी खारट, जिभेला लागताच कळतं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही तसं बोरही लवकर नरम पडत नाही. शिवाय भिजताना फळात खारटपणा आधीच उतरतो. मी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी ही चटणी केली तेव्हा सासरच्या मापाने मीठ टाकलं आणि आईने एक घास घेऊन ताट बाजूला सारलं. खारं पाणी असलेल्यांनी भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं पाणी घ्यावं, आणि मीठ शेवटी चाखून टाकावं. इतरांनीही शेवटीच टाकावं, कारण आटल्यावर मीठ वर येतं. मीठ चुकून जास्त झालं तर गूळ वाढवून ते झाकत बसू नका. आणखी अर्धी वाटी खारीक शिजवून, वाटून मिसळा.

ओली बरणी आणि घाईचं झाकण

पांढरं येतं ते इथून. शहरात काही जण काचेच्या बाटल्या उकळून, त्यात गरमागरम भरून हवाबंद करतात. ती रीत वेगळी आणि ती ज्यांना येते त्यांनी करावी. आपल्या साध्या झाकणाच्या डब्यात गरम चटणी भरून झाकण लावलं की वाफ झाकणाला बसते आणि थेंब होऊन चटणीवर पडते. पुण्यात शिकणाऱ्या भाच्यासाठी मी असाच डबा भरून दिला, कारण त्याची बस सुटत होती. आठव्या दिवशी त्याचा फोन : "मावशी, वरचं पांढरं काढून खाल्लं, खालची चांगली होती." खालची चांगली नव्हती, बेट्या. बुरशीचं जाळं दिसतं त्याच्या खालपर्यंत गेलेलं असतं. डागाएवढं काढून भागत नाही, डबा उपडा करायचा. पोरगं सुखरूप राहिलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता मी चटणी पातळ फडक्याखाली रात्रभर निववते, सकाळी उन्हात कडकडीत वाळवलेल्या बरणीत भरते आणि वर गरम करून निववलेल्या तेलाचा बोटभर थर देते. चमचा लाकडी, बरणीचाच, दोऱ्याने मानेला बांधलेला. घरात तीन पोरं आणि एक दाढ गेलेला म्हातारा असताना याहून दुसरा इलाज नाही. मृग लागायच्या आत बरणी संपवायची. उरलीच तर स्टीलच्या डब्यात फ्रीजला, आणि तेही पंधरा दिवस.