कचऱ्याचं उत्सर्जन मोजायचंय? आधी गेटवर उभे राहा

पहिल्या वर्षी मी कंपनीच्या कचऱ्याचं उत्सर्जन, म्हणजे त्यातून हवेत जाणारे हरितगृह वायू, काढलं ते गाडीच्या फेऱ्या मोजून. फेऱ्या गुणिले गाडीची क्षमता, की झाले टन. पुढे एक दिवस गेटवर उभी राहिले, तर पुठ्ठ्याने शिगोशीग भरलेली गाडी काट्यावर क्षमतेच्या निम्मीही भरेना. वर्षभराचा हिशोब पुन्हा करावा लागला. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय: आधी वजन, मग ठिकाण, सूत्र सगळ्यात शेवटी.

गाडी रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा काट्यावर चढवा. ते रोज शक्य नसेल तर वेगवेगळ्या ऋतूंतले काही आठवडे ठरवून प्रत्येक डबा तोला. पुठ्ठा भिजलेला असेल तर तसं वहीत लिहा, नाहीतर पाण्याचंच वजन कागदाच्या खात्यात जातं. अन्न, कागद-पुठ्ठा, प्लास्टिक, धातू, काच, घातक कचरा असे रकाने करा. ‘इतर’ हा रकाना फुगू लागला की मी हातमोजे घालून तो डबा ताडपत्रीवर उपडा करते आणि वेगळं करून पुन्हा तोलते.

ठिकाणाबाबत मात्र चिवट व्हा. ‘सगळं रिसायकलिंगला जातं’ एवढ्यावर ठेकेदाराला सोडू नका. कुठल्या यार्डात, तिथून पुढे कुठे, त्यातलं नाकारलं किती जातं, हे विचारा आणि पोहोचल्याची सही असलेलं चलान मागा. मी एकदा गाडीच्या मागोमाग गेले. आमच्या माणसांनी मन लावून वेगळा केलेला ओला आणि सुका कचरा एकाच ढिगावर रिकामा होताना पाहिला. फार वाईट वाटलं, आणि आमचा आकडाही बदलला.

किती बदलतो ते एक टन अन्नकचऱ्यावर पाहा. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) २००६ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे त्यात कुजू शकणारा कार्बन ०.१५, त्यातला प्रत्यक्षात कुजणारा ०.५, निघणाऱ्या वायूत मिथेन ०.५, आणि कार्बनवरून मिथेनवर येण्यासाठी १६/१२. गुणाकार ०.०५, म्हणजे ५० किलो मिथेन. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरला, की १,४०० किलो. हे झालं वायू पकडण्याची सोय नसलेल्या, नीट दाबून भरलेल्या कचराभूमीचं. उथळ, मोकळ्या ढिगात हवा शिरते, म्हणून तिथे ०.४ ने गुणायचं: ५६० किलो. त्याच टनाचं खत केलं तर ४ किलो मिथेन आणि ०.२४ किलो नायट्रस ऑक्साइड (२६५ पट), मिळून साधारण १७६ किलो.

कागदातला कुजू शकणारा कार्बन ०.४० असतो, त्यामुळे पुरलेली रद्दी अन्नापेक्षाही जड पडते. पुरलेलं प्लास्टिक मिथेन देत नाही. पण वीज न बनवता नुसतं जाळलं, तर त्याच्या वजनाच्या सुमारे ७५ टक्के असलेला कार्बन हवेत जातो आणि टनामागे २.७५ टन कार्बन डायऑक्साइड होतो.

मांडताना जीएचजी प्रोटोकॉलप्रमाणे (कंपन्यांनी उत्सर्जन मांडण्याच्या नियमावलीप्रमाणे) बाहेर दिलेला कचरा आणि सांडपाणी स्कोप ३ च्या, म्हणजे आपल्या कामामुळे पण दुसऱ्यांकडे होणाऱ्या उत्सर्जनाच्या, पाचव्या प्रकारात जातं. आपल्याच आवारात जाळलेलं किंवा खत केलेलं स्कोप १ मध्ये, म्हणजे आपल्या थेट उत्सर्जनात. पुरलेला कचरा अनेक वर्षं वायू सोडत राहतो, तरी तो सगळा यंदाच्याच खात्यात धरायचा. रिसायकलिंगमुळे ‘वाचलेलं’ उत्सर्जन एकूण आकड्यातून वजा करू नका. लिहायचंच असेल तर वेगळं लिहा. मी यावर बैठकीत भांडले आहे, पुन्हाही भांडेन.

आणि तक्त्यात प्रत्येक वजनापुढे एक छोटा रकाना ठेवा: ‘काट्यावरचं’ की ‘अंदाजाचं’. पुढच्या वर्षी काटा आधी कुठे न्यायचा, ते त्यावरूनच ठरतं.